अल्बियन ऑनलाइन नव्याने खेळताय? सांगली-मिरजेतून नेहमी येणारे प्रश्न

सांगली, मिरज, कुपवाड, तासगावकडची जी मंडळी अल्बियन खेळायला घेतात, ती सुरुवातीला साधारण तेच तेच विचारतात. ते प्रश्न इथे एकत्र केलेत. काही खेळणाऱ्यांचे आहेत, काही त्यांच्या घरच्यांचे. मला हा गेम मनापासून आवडतो. तो जिथे खटकतो तेही मोकळेपणाने लिहिलंय.

हा गेम नेमका आहे काय?

हजारो माणसं एकाच वेळी एकाच जगात खेळतात असा ऑनलाइन फँटसी रोल प्लेइंग गेम. बर्लिनच्या सँडबॉक्स इंटरॲक्टिव्ह कंपनीने तो बनवला. जुलै २०१७ मध्ये आला तेव्हा विकत घ्यावा लागायचा, एप्रिल २०१९ पासून फुकट झाला आणि जून २०२१ मध्ये फोनवर अधिकृतपणे आला. आपल्याकडे तो पसरला तो फोनमुळेच. एव्हलॉन, मॉर्गाना, कार्लिऑन अशी नावं आर्थर राजाच्या दंतकथांमधली आहेत, पण कथा माहीत नसली तरी काही अडत नाही. इथे तुम्ही जगाला वाचवणारे निवडक वीर वगैरे नसता. हातात काही नसताना येता आणि कमवायला लागता.

पहिला तासभर नुसती लाकडं तोडली. पुढेही असंच आहे का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि तो रास्त आहे. इतर गेममध्ये दहाव्या मिनिटाला ड्रॅगन समोर येतो. इथे झाडं, दगड, चामड्यासाठी छोटी जनावरं, मग त्यातून बनवलेली पहिली कुऱ्हाड आणि पहिलं साधं हत्यार. कॅमेरा वरून बघतो, चेहरे फारसे दिसत नाहीत, राक्षस एका जागी घुटमळत असतात. बरेच जण इथेच गेम काढून टाकतात.

पण त्या तासात एक गोष्ट नकळत झालेली असते. तुमच्या हातातली कुऱ्हाड तुम्ही बनवलेली असते. पुढे शहरात गेलात की दिसेल, तिथे विकायला असलेली जवळपास प्रत्येक तलवार, बूट, झोळी आणि जेवणाचं ताट कुठल्या ना कुठल्या खेळाडूने बनवलेलं आहे. साध्या गेममध्ये दुकानदार हा कॉम्प्युटर असतो आणि त्याच्याकडे माल कधी संपत नाही. इथे कुणी लोखंड खणलंच नाही तर तलवारी महागतात.

म्हणून नवीन माणसाला मी एकच सांगतो: पहिल्या लढाईवरून गेम जोखू नका. स्वतः गोळा केलेला माल बाजारात पहिल्यांदा विकेपर्यंत थांबा. तो व्यवहार झाल्यावरही कंटाळाच आला, तर गेम तुमच्यासाठी नाही, खुशाल काढून टाका.

दादा, कोणता क्लास घेऊ? योद्धा की जादूगार?

क्लास निवडायचा नसतोच. अंगावर जे चढवाल ते तुम्ही. हत्यारातून तीन कौशल्यं मिळतात, छातीवरच्या चिलखतातून एक, शिरस्त्राणातून एक आणि बुटांतून एक. सकाळी धनुष्य घेऊन शिकारी व्हा, संध्याकाळी तेच पात्र होली स्टाफ घेऊन इतरांना बरं करत फिरेल.

मर्यादा एवढीच की जे वापराल त्यातच प्रगती होते. तलवारीने मारलंत तर तलवारीत फेम मिळते आणि वरच्या टियरची तलवार उघडते. फेम म्हणजे अनुभवाचे गुण, आणि टियर म्हणजे वस्तूची पायरी, जितकी वरची तितकी वस्तू भारी. हे सगळं डेस्टिनी बोर्ड नावाच्या एका अवाढव्य जाळ्यावर दिसतं. पहिल्यांदा उघडलं की डोकं गरगरतं, तेव्हा सगळं बघूच नका. एक हत्यार, एक चिलखत आणि गोळा करायचा एकच माल धरा. एकट्याने खेळणार असाल तर धनुष्य किंवा फायर स्टाफ सोपा जातो, कारण राक्षस लांबूनच पडतात.

सर्व्हर कोणता घेऊ?

एशिया. पूर्वी सगळ्यांचं जग एकच होतं आणि अमेरिकेतल्या सर्व्हरवर आपल्याकडून फार लॅग यायचा, म्हणजे गेम मागे पडायचा. मार्च २०२३ मध्ये सिंगापूरचा सर्व्हर सुरू झाला आणि आपल्या भागातल्यांची मोठी सोय झाली. एप्रिल २०२४ मध्ये युरोपचाही आला. खातं एकच राहतं, पण प्रत्येक सर्व्हरवरचं पात्र, सिल्वर (म्हणजे गेममधले पैसे) आणि बाजार वेगळा. मित्र कुठे खेळतात ते आधी विचारा, कारण एका सर्व्हरवर कमावलेलं दुसरीकडे नेता येत नाही.

फोन साधा आहे, चालेल का?

फार जुना नसेल तर बहुतेक चालतो. ग्राफिक्स कमीवर ठेवा. मोठ्या शहरातल्या बँकेपाशी गर्दी असते, तिथे फोन अडखळला तरी घाबरायचं कारण नाही, बाहेर मोकळ्यावर सुरळीत चालतो. तेच पात्र कॉम्प्युटरवरही उघडतं, त्यामुळे बाजाराची कामं मोठ्या स्क्रीनवर आणि लाकूडतोड फोनवर, अशी वाटणी बरेच जण करतात.

सगळे बाजार, बाजार करतात. त्यात एवढं काय आहे?

इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण या गेमचा जीव बाजारात आहे.

राजाच्या प्रदेशात गोलाकार पाच शहरं आहेत: थेटफर्ड, फोर्ट स्टर्लिंग, लिमहर्स्ट, ब्रिजवॉच आणि मार्टलॉक. मधोमध कार्लिऑन. प्रत्येक शहराचा बाजार स्वतंत्र, भाव स्वतंत्र, बँकही स्वतंत्र. थेटफर्डच्या बँकेत ठेवलेला माल लिमहर्स्टमध्ये दिसत नाही, तो तुम्हालाच वाहून न्यावा लागतो.

आता खुबी बघा. थेटफर्डभोवती दलदल आहे, तिथे कापूस, फ्लॅक्स, हेम्प असा धाग्याचा माल भरपूर. पण त्याचं कापड करायचं तर सवलत मिळते लिमहर्स्टमध्ये, आणि लिमहर्स्ट आहे जंगलात. लाकूड लिमहर्स्टच्या जंगलात, फळ्या पाडायची सवलत फोर्ट स्टर्लिंगला. धातूचा दगड फोर्ट स्टर्लिंगच्या डोंगरात, तो वितळवायची सवलत थेटफर्डला. म्हणजे माल निघतो एकीकडे आणि पक्का होतो दुसरीकडे. मार्केट यार्डात हळदीचे सौदे बघितलेल्या सांगलीकराला हे समजावून सांगावं लागत नाही. मराठवाड्यात आणि कर्नाटकात पिकलेली हळद इथे का येते, हे ज्याला कळतं त्याला अल्बियनचा नकाशा अर्धा कळलेला असतो.

सवलत म्हणजे नेमकं काय, तर कच्च्या मालातला काही भाग परत मिळतो. साध्या शहरात साधारण १५ टक्के, नेमून दिलेल्या शहरात साधारण ३६ टक्के. शंभर गठ्ठे घातले आणि छत्तीस परत आले, तर वाहतुकीचा त्रास भरून निघतो की नाही, हा हिशोब ज्याचा त्याने करायचा.

आणखी एक, जे नवीन माणसाच्या सगळ्यात उपयोगाचं आहे. चौथ्या टियरचं एक कापड करायला चौथ्या टियरचे दोन हेम्प लागतातच, शिवाय तिसऱ्या टियरचं एक तयार कापडही लागतं. त्या तिसऱ्याला दुसऱ्याचं. ही साखळी वर आठव्या टियरपर्यंत तशीच जाते. त्यामुळे मोठे खेळाडू कितीही मोठे झाले तरी त्यांना तुमचा खालचा माल घ्यावाच लागतो. नवीन आलेला माणूस इथे बिनकामाचा कधीच नसतो, आणि मला या गेममधली सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच आहे.

विकताना घाई करू नका. 'लगेच विका' दाबलं की समोर खरेदीला लावलेल्या भावात माल जातो, आणि तो भाव बहुतेक वेळा पडेल असतो. स्वतःचा भाव लावून माल ठेवलात तर थोडी फी आधी जाते आणि वेळ लागतो, पण हातात जास्त येतं. भाव लावण्याआधी शेजारच्या शहरातला भाव माहीत असलेला बरा.

राक्षसांकडून मिळणारं सामान तरी गेम तयार करतो ना?

तेही बरंचसं खेळाडूंचंच असतं. कार्लिऑनमध्ये ब्लॅक मार्केट आहे. तिथे खेळाडू आपण बनवलेली हत्यारं-चिलखतं विकतात, आणि तोच माल पुढे राक्षसांच्या लुटीत निघतो. तुम्हाला गुहेत सापडलेली तलवार कुणीतरी भट्टीशी उभं राहून केलेली असते. कार्लिऑनच्या वाटा मात्र लाल झोनमधून, म्हणजे दुसरे खेळाडू मारून लुटू शकतात अशा भागातून जातात, म्हणून तिथे माल न्यायचा तर जोखीम आहे, आणि जोखीम असल्यामुळेच तिथे भाव मिळतो.

मेल्यावर खरंच सगळं जातं का?

कुठे मेलात त्यावर आहे. निळ्या झोनमध्ये दुसरा खेळाडू तुम्हाला हातच लावू शकत नाही. पिवळ्यात पाडेल, पण सामान तुमच्याकडेच राहील. लाल आणि काळ्या झोनमध्ये मात्र अंगावरचं आणि झोळीतलं सगळं खाली पडतं. त्यातल्या काही वस्तू जागच्या जागी नष्ट होतात, उरलेल्या मारणारा घेऊन जातो. लाल झोनमध्ये मारणाऱ्याची प्रतिष्ठा घसरते, काळ्यात तेवढंही नाही.

पहिल्यांदा असं झालं की माणूस हबकतो. दोन दिवस जमवलेला गियर, म्हणजे हत्यार-चिलखत, आणि झुडपातून तिघं घोड्यावर येतात, एक बर्फाने पाय धरतो, दुसरा वरून मारतो, आणि पडद्यावर तुमचंच सामान दुसऱ्याच्या झोळीत जाताना दिसतं. राग येणारच. पण हे काढून टाकलं तर वरचा सगळा बाजार कोसळेल. सामान मोडलं, हरवलं, लुटलं गेलं म्हणूनच रोज नवीन लागतं, आणि रोज नवीन लागतं म्हणूनच तुमच्या कापडाला गिऱ्हाईक आहे. ज्याला हे नको त्याने निळ्या-पिवळ्यातच राहावं. तिथेही महिनोन्‌महिने खेळण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्यात काही कमीपणा नाही.

खरंच फुकट आहे, की पुढे पैसे मागतो?

डाउनलोड फुकट, नकाशे फुकट, शेवटच्या टियरपर्यंतचं सगळं फुकट खेळता येतं. पैसे लागतात ते दोन ठिकाणी. एक, प्रीमियम. त्याने फेम जास्त मिळते, गोळा करताना माल जास्त येतो आणि बाजारातला विक्रीकर निम्मा होतो. रोज १०,००० फोकसही मिळतो. फोकस वापरून माल पक्का केला की कच्चा माल आणखी परत येतो. स्वतःचं बेट घेऊन शेती करायची तरी प्रीमियम लागतं. दोन, गोल्ड. ते रुपये मोजून घेता येतं किंवा गेममधल्या सिल्वरने दुसऱ्या खेळाडूकडून घेता येतं, भाव खेळाडूच ठरवतात. त्याच गोल्डने प्रीमियम मिळतं. म्हणजे नीट धंदा केला तर एक रुपया न भरताही प्रीमियम चालू ठेवता येतं. नवीन माणसाला ते लगेच जमत नाही, वेळ लागतो.

माझं मत विचाराल तर पहिला महिना काहीही भरू नका. आवडला, टिकला, मग ठरवा.

मग पैसेवाला जिंकतो असंच ना?

काही प्रमाणात हो, आणि ते मला पटत नाही. गोल्ड घेऊन सिल्वर करायचं आणि भारी गियर विकत घ्यायचा, हा रस्ता खुला आहे. पण भारी गियर वापरायला फेम लागते, आणि तो काळ्या झोनमध्ये हरला की गेला तो गेला. पाच जणांनी ठरवून लावलेल्या सापळ्यात एकटा पैसेवाला नेहमी पडतो. माझा खरा आक्षेप विक्रीकरावर आहे. फुकट खेळणाऱ्याला दुप्पट कर द्यावा लागतो, आणि बाजार हाच ज्या गेमचा जीव, तिथे नेमका नवीन, छोट्या व्यापाऱ्यालाच तो बोचतो.

वडील म्हणतात हा रमीच्या ॲपसारखाच आहे. त्यांना काय सांगू?

त्यांची भीती खोटी नाही. रमीपायी कर्जात गेलेली माणसं आपल्या आजूबाजूला सगळ्यांनी पाहिलीत. फरक शांतपणे सांगा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यात पैसे लावून पैसे जिंकण्याच्या आशेने खेळायच्या गेमवर बंदी आहे. अल्बियनमध्ये पैसे लावून पैसे जिंकण्याचा प्रकार नाही. सिल्वर कितीही कमावलं तरी कंपनी त्याचे रुपये देत नाही. पैसे गेले तर ते सिनेमाच्या तिकिटासारखे गेले, परत येण्याची आशा दाखवली जात नाही.

पण खर्च होऊ शकतो, हेही त्यांच्यापासून लपवू नका. फोनवर खरेदीला प्रत्येक वेळी पासवर्ड किंवा बोटाचा ठसा लागेल असं सेटिंग वडिलांसमोर करा. कार्ड किंवा यूपीआय कायमचं जोडून ठेवू नका.

एक जण दोनशे रुपयांत खूप सिल्वर देतो म्हणतोय. घेऊ का?

नका घेऊ. बाहेर रुपये देऊन सिल्वर घेणं-विकणं गेमच्या नियमांत बसत नाही, खातं बंद होऊ शकतं. आणि समोरच्याने पैसे घेऊन पाठ फिरवली तर तक्रार कुणाकडे करणार? स्वतःचं खातं दुसऱ्याला चालवायला देणंही असंच अंगाशी येतं.

मुलगा जेवायला हाक मारली तरी उठत नाही. म्हणतो, मध्येच थांबवता येत नाही. हे खरं आहे का?

काकू, तो खोटं बोलत नाही. हा गेम थांबवता येत नाही. बाहेर असताना बंद केला तरी पात्र थोडा वेळ तिथेच उभं राहतं, आणि धोक्याच्या जागी कुणीही त्याला मारून सामान नेऊ शकतं. पण शहरात उभं असताना तो केव्हाही उठू शकतो. म्हणून ताट वाढल्यावर हाक मारण्याऐवजी पंधरा-वीस मिनिटं आधी सांगा, 'आता शहरात ये.' एवढ्या वेळात तो बहुतेक वेळा परत येऊ शकतो. त्यानंतरही येत नसेल तर मग तो त्याचा आळस आहे, गेमची अडचण नव्हे. दहावी-बारावीच्या वर्षाला गिल्डच्या, म्हणजे खेळाडूंच्या संघाच्या, मोठ्या लढाया पूर्ण बंद ठेवायला सांगा. त्या ठरलेल्या वेळी असतात आणि मुलांना नाही म्हणणं जड जातं.

इंग्रजी कच्चं आहे. चालेल?

चालेल. गेम मराठीत नाही, पण चित्रं आणि आकडे पुष्कळ सांगतात. बाजारातले पंचवीस-तीस शब्द आठवड्याभरात तोंडात बसतात. गिल्डमध्ये हिंदी बोलणारे भरपूर भेटतात.

गिल्डमध्ये लगेच जाऊ का?

जा, पण बघून. सिल्वरवर किती कर कापतात ते आधी विचारा, गिल्डला तो ठरवता येतो. नवीन माणसाला कोण शिकवतं तेही विचारा. आत गेल्या गेल्या कुणी 'भावा, ये, मस्त जागा दाखवतो' म्हणत पार्टीत, म्हणजे आपल्या छोट्या गटात, घेऊन लाल झोनकडे नेऊ लागला तर नकाशा बघा. आपल्याच माणसाला नेऊन लुटायचा हा जुना डाव आहे.

एकट्याने खेळता येतं का?

येतं. गोळा करणं, बनवणं, बाजार, एकट्याच्या गुहा, सगळं आहे. थोडी हिंमत आली की मिस्ट्स बघा. धुक्यातली जागा, एकट्याने किंवा दोघांनी जायची, त्यामुळे वीस जणांची टोळी अंगावर येण्याची भीती राहत नाही. त्याच धुक्याच्या पोटात ब्रेसिलियन नावाचं शहर लपलंय. पहिल्यांदा तिथे पोचाल तेव्हा थोडं थांबून बघा, गेममधली सगळ्यात देखणी जागा मला तीच वाटते.

पावसाळ्यात लाइट जाते, नेट जातं. काय करायचं?

जूननंतर वारं सुटलं की धोक्याच्या झोनमध्ये जाऊच नका. वायफाय गेलं की फोन डेटावर जातो, तेवढ्या काही सेकंदांत जोडणी तुटते आणि पात्र उघड्यावर राहतं. अशा संध्याकाळी शहरातली कामं काढा: भाव लावा, माल पक्का करा, बँक आवरा. राउटरला छोटा बॅकअप असेल तर उत्तमच.

आता पहिल्यांदा लाल झोनमध्ये जायचंय. काय नेऊ?

जे गेलं तरी त्याच संध्याकाळी पुन्हा घेता येईल तेवढंच. चौथ्या टियरचा साधा गियर पुरे, पळायचं कौशल्य असलेले बूट, आणि घोडा. बैल नको, तो वजन जास्त पेलतो पण पळत नाही. झोळी रिकामी ठेवा. वजन मर्यादेपलीकडे गेलं की चाल मंदावते आणि मग सुटका नाही. गोळा करताना घोड्यापासून लांब जाऊ नका. झोळी निम्मी भरली की परत फिरा, पूर्ण भरायची वाट बघू नका. आणि जाण्याआधी तोच गियर आणखी एक जोड बँकेत ठेवून जा. पहिल्यांदा मेल्यावर रिकाम्या हाताने शहरात उभं राहिलेले बरेच जण गेम सोडतात. ज्यांचा दुसरा जोड तयार असतो ते तो चढवतात आणि परत जातात.